वाहन विक्रीत करिअर : बोलण्याआधी कागद शिका

नाशिक हे गाड्यांचे शहर आहे असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. महिंद्राचा सातपूरचा कारखाना इथलाच. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ इथूनच देशभर गेली, बोलेरोही इथेच बनते, आणि इंजिनाचा कारखाना पलीकडे इगतपुरीला आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आहेत. दुसऱ्या टोकाला द्वारका, वडाळा नाका, जुने नाशिक आणि तिकडे मालेगाव. इथे गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग, टायर, सीट कव्हर अशी कामे चालतात. या दोन्ही टोकांना आपल्या समाजाची मुले भरपूर दिसतात. कुणी मशीनवर आहे, कुणी गाडीखाली झोपून ऑइल काढतो आहे. पण गाडी जिथे विकली जाते त्या काचेच्या शोरूममध्ये टेबलामागे बसलेला आपला तरुण मात्र शोधावा लागतो.

याची दोन कारणे आम्हाला ऐकायला मिळतात. एक, "सेल्स म्हणजे गोड बोलून गळ्यात मारायचं काम, ते आपल्याला जमणार नाही." दोन, "तिथं इंग्रजी लागतं." आमच्या मते दोन्ही समज चुकीचे आहेत. या पेशात बोलणे लागते हे खरे, पण जो फक्त बोलतो तो सहा महिन्यांत बाहेर पडतो. टिकतो तो, ज्याला गाडीची किंमत फोडून सांगता येते आणि गाडीचे कागद वाचता येतात. म्हणून या लेखात आम्ही मुलाखतीचे कपडे आणि हस्तांदोलन यावर वेळ घालवणार नाही. पैशाचे आणि कागदाचे बोलू.

काम नेमके काय असते

शोरूममध्ये नवा माणूस बहुधा सेल्स कन्सल्टंट किंवा सेल्स एक्झिक्युटिव्ह म्हणून लागतो. वर टीम लीडर, मग सेल्स मॅनेजर, त्याच्यावर जनरल मॅनेजर. दिवसाचे काम सरळ आहे. शोरूममध्ये चालत आलेल्या ग्राहकाची माहिती नोंदवायची, गाडी दाखवायची, टेस्ट ड्राइव्ह द्यायची, कोटेशन काढायचे, जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिची किंमत काढून घ्यायची, कर्जाचे कागद बँकेकडे पाठवायचे, आणि शेवटी विमा, नोंदणी, नंबर प्लेट करून गाडी ताब्यात द्यायची. मधल्या काळात फोन. आज विचारून गेलेला ग्राहक दोन-तीन महिन्यांनी गाडी घेतो, आणि तोपर्यंत त्याला कंटाळा येणार नाही इतक्याच वेळा फोन करणे ही खरी कला आहे.

रविवारी सुट्टी मिळत नाही, कारण ग्राहकाला रविवारीच वेळ असतो. सुट्टी आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी असते. जुम्याच्या नमाजला दुपारी जायला मिळेल का, हे मुलाखतीतच मोकळेपणी विचारून घ्यावे. तास-दीड तासाचा प्रश्न असतो, आधी बोलून ठेवले तर सहसा अडत नाही. न सांगता गायब झालो तर मात्र वाद होतो, आणि तो वाद मग उगाच वेगळ्या वळणावर जातो.

चारचाकीच्या शोरूममध्ये चालवण्याचा पक्का परवाना जवळजवळ अटच असते. लर्निंग लायसन्स निघाल्यावर पक्क्या परवान्यासाठी किमान ३० दिवस थांबावे लागते, तेव्हा अर्ज करायच्या आधीच हे काम उरकावे. गॅरेजमध्ये वाढलेली कितीतरी मुले गाडी उत्तम चालवतात आणि परवाना मात्र नसतो. हे आता सोडून द्यायला हवे.

पगार : कुठे विचारायचे, काय विचारायचे

मूळ पगार थोडा आणि बाकी इन्सेन्टिव्ह, अशी या धंद्याची रीत आहे. इन्सेन्टिव्ह बहुतेक ठिकाणी स्लॅबने मिळतो. म्हणजे समजा महिन्याला चार गाड्यांची अट असेल तर तिसऱ्या गाडीपर्यंत काहीच नाही किंवा फार कमी, आणि चौथी गेली की चारही गाड्यांचे मिळतात. म्हणून महिन्याच्या २५ तारखेनंतर शोरूममध्ये धावपळ उडते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नव्या पोराचे ग्राहकच तयार झालेले नसतात, त्यामुळे हातात फक्त मूळ पगार येतो आणि घरचे म्हणतात, "यापेक्षा गॅरेज बरं होतं." बरीच मुले नेमकी इथेच सोडतात. घरच्यांनी हे आधीच धरून चालावे: पहिली तिमाही शिकण्याची असते.

नोकरी स्वीकारताना पुढचे प्रश्न विचारायला लाजू नये. स्लॅब कितीचा? इन्सेन्टिव्ह गाडीच्या बुकिंगवर की ताबा दिल्यावर? तो पगाराबरोबर येतो की दोन महिन्यांनी? ग्राहकाला दिलेली जादा सूट माझ्या इन्सेन्टिव्हमधून कापणार का? पीएफ आणि ईएसआय आहे का? २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पीएफ लागू होतो. ईएसआय १० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला लागू आहे आणि त्यात महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणारे येतात. कर्मचाऱ्याचा वाटा फक्त ०.७५ टक्के. घरात आजारी आईवडील असतील तर याचे मोल वेगळे सांगायला नको, सातपूरला ईएसआयचे रुग्णालयही आहे.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. बुकिंगचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर कधीही घेऊ नका. ग्राहक म्हणेल, "भाई, तुझ्याच नंबरवर टाकतो, तू भर." नाही म्हणायचे. पैसे शोरूमच्या खात्यात जातील आणि पावती लगेच निघेल. हेतू कितीही साफ असला तरी दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यातून फिरला की संशयाला जागा होते, आणि या धंद्यात एकदा नाव खराब झाले की नाशिकमधल्या दुसऱ्या शोरूमलाही ते दुसऱ्या दिवशी कळते.

ऑन-रोड किंमत फोडून सांगता आली पाहिजे

जाहिरातीत एक्स-शोरूम किंमत असते. ग्राहकाच्या खिशातून जाते ती ऑन-रोड. या दोघांमधला फरक कागदावर लिहून समजावणारा सेल्समन ग्राहकाला आवडतो, कारण बाकीचे नुसता आकडा फेकतात.

समजा पेट्रोल कारची किंमत ८ लाख आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला ११ टक्के एकरकमी रस्ता कर आहे, म्हणजे साधारण ८८ हजार. तीच किंमत डिझेल गाडीची असेल तर १३ टक्के, म्हणजे १ लाख ४ हजार. किंमत वाढली की टक्काही वाढतो. यात नोंदणी शुल्क, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे शुल्क, फास्टॅग आणि विमा मिळवायचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या वेळचा विम्याचा आकडा मोठा दिसतो. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे बंधन ग्राहकावर नाही. हे शोरूम आपणहून सांगत नाही, पण ग्राहकाने विचारले तर खोटे बोलू नये. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस कापला जातो. तो आयकर विवरणात परत मागता येतो, हे वाक्य ऐकून शेतकरी ग्राहकाचा चेहरा बदलतो.

जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले आहेत. चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची कार आता १८ टक्क्यांत येते. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना ४० टक्के. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी १८ टक्क्यांत, बॅटरीवरची वाहने ५ टक्क्यांत आणि ट्रॅक्टरही ५ टक्क्यांत. हा कर एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो, वेगळा लावायचा नसतो. ग्राहक याच ठिकाणी गोंधळतो.

रोखीचा नियमही पाठ असावा. आयकर कायद्यानुसार २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेता येत नाही. पिशवीत पैसे घेऊन आलेला माणूस तुकड्या-तुकड्याने देतो म्हणाला तरी गाडी एकच असल्याने व्यवहार एकच धरला जातो. अशा वेळी त्याला बँकेत घेऊन जाणे हेच सेल्समनचे काम.

नाशिकचा ग्राहक

मुंबई-पुण्याचा सेल्समन पगाराच्या तारखेकडे बघतो, आपल्या जिल्ह्यातल्याला पिकाकडे बघावे लागते. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. निफाड, दिंडोरी पट्ट्यात या काळात पैसा येतो आणि पिकअप, ट्रॅक्टर, मोठी एसयूव्ही यांची चौकशी वाढते. कांद्याचे गणित आणखी वेगळे आहे. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, पण चाळीत साठवून दिवाळीच्या आसपासपर्यंत विकला जातो. त्यामुळे लासलगावचा भाव पडला की झालेली बुकिंगसुद्धा रद्द होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ मध्ये उठली. अशा महिन्यांत चांदवड-येवल्याच्या शेतकऱ्याला "साहेब, गाडी कधी घेताय?" असे विचारणारा सेल्समन दोन शिव्या खाईल. रोज सकाळी लासलगाव आणि पिंपळगावचे भाव बघायची सवय लावून घ्या, फुकट असते.

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी हे डिलिव्हरीचे मोठे दिवस. त्या दिवशी मुहूर्ताच्या वेळेत चावी हातात पडलीच पाहिजे. पितृपक्षात शोरूम ओस असते, त्यात आपली सुट्टी आणि प्रशिक्षण उरकावे. काही पालक विचारतात, डिलिव्हरीच्या वेळी पूजा असते, मग मुलाने काय करायचे? नारळ ग्राहक फोडतो. आपण गाडी स्वच्छ, कागद पूर्ण आणि चावी वेळेवर द्यायची आणि त्याच्या आनंदात आदराने उभे राहायचे.

२०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. टॅक्सी, टेम्पो ट्रॅव्हलर, मालवाहू छोट्या गाड्या यांना मागणी राहील असा आमचा अंदाज आहे. व्यावसायिक वाहनांची विक्री शिकायची असेल तर ही वेळ चांगली. पण सिंहस्थावर भरवसा ठेवून हप्त्यावर गाडी घेणाऱ्या ग्राहकाला मेळ्यानंतरचा हप्ता कुठून भरणार, हेही विचारावे.

आता भाषा. इंग्रजीची भीती सोडा, मराठीची काळजी घ्या. आपल्या मुलांची खरी अडचण इथे आहे. उर्दू माध्यमातून शिकलेला मुलगा बोलतो चांगले, पण "आपणास कळविण्यात येते की" असा एक अर्ज लिहायला सांगितला तर थांबतो. बँकेचे पत्र, आरटीओचा अर्ज, ग्राहकाला पाठवायचा मेसेज हे सगळे मराठीत असते. रोज एक मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तर वर्षभरात फरक पडतो. दुसऱ्या बाजूने मालेगाव, सटाणा, नांदगावकडच्या आपल्या मुलांना अहिराणी येते, उर्दू येते, मराठी येते. मालेगावचा यंत्रमागवाला आणि बागलाणचा डाळिंबवाला या दोघांशी त्यांच्याच बोलीत बोलणारा माणूस शोरूमला सहज मिळत नाही. मुलाखतीत हे आवर्जून सांगावे.

नावामुळे नोकरी नाकारतील का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. असे कुठेच होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण विक्री हा आकड्यांचा धंदा आहे. महिनाअखेरीस फळ्यावर नावापुढे गाड्यांची संख्या लिहिली जाते, आणि ज्याच्या नावापुढे आकडा आहे त्याला शेजारचे शोरूम बोलावून घेते. मुलींसाठीही या क्षेत्रात जागा आहे. फ्लोअरवरची विक्री, ग्राहकांना फोन, विमा नूतनीकरण, नोंदणी विभाग ही कामे मुली उत्तम करतात. महिनाअखेरीला उशिरा सुटावे लागते, तेव्हा परतीच्या वाहनाची सोय आधी विचारून घ्यावी.

व्याजाचा प्रश्न

हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शोरूममधल्या बऱ्याच गाड्या कर्जावर जातात आणि कर्ज व्याजाचे असते. सेल्समन स्वतः व्याज घेत नाही, पण कर्जाच्या प्रकरणावर त्याला कमिशन मिळू शकते. गाडी विकणे आणि कर्ज विकणे यात फरक आहे, आणि काही शोरूममध्ये कर्जाचे टेबल वेगळे असते, तिथला माणूस वेगळा असतो. कुणाच्या मनात खटकत असेल तर मुलाखतीत कामाची विभागणी विचारावी आणि आपल्या जाणत्या आलिमांना नेमकी परिस्थिती सांगून सल्ला घ्यावा. "शोरूमची नोकरी चालेल का?" एवढेच विचारले तर उत्तरही अर्धवटच मिळेल. कर्जाच्या कमिशनशिवाय फक्त गाडीच्या इन्सेन्टिव्हवर काम करण्याची मुभा मिळते का, हेही विचारून बघायला हरकत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात रोखीचे किंवा थेट बँक खात्यातून होणारे व्यवहार जास्त, म्हणूनही आपले काही तरुण तिकडे वळतात.

जुन्या गाड्यांचा धंदा : इथे सगळ्यात सावध राहा

शोरूममध्ये दोन-तीन वर्षे काढल्यावर स्वतःचा धंदा म्हणून हा रस्ता सगळ्यात जवळचा. गॅरेजची पार्श्वभूमी असलेला मुलगा इथे दोन पावले पुढे असतो. बोनेट उघडल्यावर ठोकलेली चेसीस, बदललेले रेडिएटर सपोर्ट, रंगाची जाडी हे त्याला लगेच दिसते. पुरातली गाडी तो वासावरून ओळखतो. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ मध्ये चिपळूणला गाड्या पाण्यात बुडाल्या, आपल्याकडेही २०१६ आणि २०१९ मध्ये गोदाकाठ पाण्याखाली होता. अशा गाड्या चमकवून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटचे रूळ, पट्ट्याचे खालचे टोक आणि डॅशबोर्डमागची वायर बघितली की गंज आणि गाळ सापडतो.

पण नुकसान यंत्रापेक्षा कागदात जास्त होते. आपल्याकडे सर्रास चालते ते असे: गाडी घेतली, मूळ मालकाच्या कोऱ्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० घेतले, आणि गाडी तशीच पुढे विकली. नाव शेवटच्या माणसाने बदलायचे. तो बदलत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी अशीच अनेक हातांतून फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी त्याने दीड-दोन वर्षांपूर्वी विकली होती, तरीही. म्हणजे ज्या शेजाऱ्याची गाडी तुम्ही विकून दिली, त्याच्या दारात उद्या लाखोंच्या भरपाईची नोटीस येऊ शकते, आणि तो तुमच्याच दारात येणार. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

धंदा करणाऱ्यासाठी यावर आता चांगला मार्ग आहे. केंद्राच्या डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत परवानगी घेण्याची पद्धत आली. फॉर्म २९ए ने अर्ज, २९बी मध्ये प्रमाणपत्र, मुदत पाच वर्षे. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात आली की पोर्टलवर फॉर्म २९सी भरायचा. त्या क्षणापासून विकली जाईपर्यंत व्यापारीच तिचा मालक मानला जातो, मूळ मालक सुटतो. नाव बदल, आरसी नूतनीकरण, एनओसी यासाठी व्यापाऱ्याला स्वतः अर्जही करता येतो. "मी तुमच्या नावावरची जबाबदारी आजच उतरवतो" हे ज्याला सांगता येईल त्याच्याकडे लोक चार-पाच हजार कमी घेऊनही गाडी देतील, असे आम्हाला वाटते. नाशिक शहराचे, म्हणजे एमएच-१५ चे आरटीओ पेठ रोडला आहे. मालेगावचे एमएच-४१ वेगळे.

गाडी घेण्याआधी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर बोजा, विमा, फिटनेस बघावे आणि दंडाच्या ई-चलनांची थकबाकी तपासावी. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह आवरावा. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे त्या इकडे येतात. फॉर्म २८ ची एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरला की स्वस्ताई बरीच विरते.

कराचे म्हणाल तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या वाहनांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो फक्त नफ्याच्या फरकावर. ३ लाखांना घेतलेली गाडी ३ लाख ४० हजारांना विकली तर कर ४० हजारांवर, म्हणजे ७ हजार २०० रुपये. तोटा झाला तर कर नाही.

शिक्षण आणि सुरुवात

बारावी पास असला तरी सुरुवात होते. मॅनेजर व्हायला मात्र पदवी मागतात. नोकरी करत पदवी घ्यायची तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नाशिकमध्येच आहे आणि मराठी माध्यमातून बी.ए., बी.कॉम. करता येते. सातपूरच्या शासकीय आयटीआयमधून मेकॅनिक मोटार व्हेइकल केलेल्याने वर्कशॉपबरोबर सेल्सलाही अर्ज करावा, तांत्रिक प्रश्नाला उत्तर देणारा सेल्समन वेगळा उठून दिसतो. ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलचे शोरूम विक्रीचे अभ्यासक्रम आहेत. या संस्थेच्या स्थापनेत डीलरांच्या फाडा या संघटनेचाही वाटा आहे, त्यामुळे तिचे प्रमाणपत्र शोरूमवाल्यांना माहीत असते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरले होते. संबंधित शोरूमने नोंदणी केली आहे का आणि सध्या जागा आहेत का, ते कौशल्य विकास कार्यालयात विचारावे. स्वतःच्या धंद्यासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या योजना आहेत, पण तिथले कर्जही व्याजाचेच असते, हे लक्षात घेऊन ठरवावे.

दसरा-दिवाळीसाठी शोरूम माणसे भरतात ती जुलै-ऑगस्टमध्ये. त्या काळात मुंबई-आग्रा महामार्गावरच्या, अंबडच्या आणि नाशिक-पुणे रस्त्यावरच्या शोरूममध्ये थेट जाऊन सेल्स मॅनेजरला भेटावे. मंगळवार-बुधवारची सकाळ बरी, तेव्हा गर्दी नसते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नये, कुणाला मान वर करायला वेळ नसतो. सोबत पक्का परवाना, बारावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँक पासबुकची प्रत ठेवावी.